वाळू कुठली रे?

ये. बस. खुर्ची नको ओढू, ओट्यावरच बस. पत्रिका ठेव त्या कोनाड्यात. वाचली मी. वर गणपती, खाली वास्तुशांतीचा मुहूर्त, आणि घराचं नाव ‘नाथकृपा’. तीन खोल्या, पुढं पोर्च, वर गच्ची, पायऱ्यांना ग्रॅनाइट. सगळं सांगून झालं तुझं. मी एकच विचारलं, “वाळू कुठली रे?” तर तू पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागलास. चौथीत सतराचा पाढा अडला की असाच बघायचास. पंचवीस वर्षं झाली. अंगठा मोठा झाला, सवय तीच.

चहा ठेवलाय. उकळेपर्यंत ऐकून घे.

मी चोरांशी बोलत नाही. रात्री पात्रात वाळू उपसायची केनी टाकणाऱ्याला मी कधी शहाणपण शिकवायला गेलो नाही. तो निदान नाटक करत नाही. त्याला भूगोल कुणी शिकवला नाही, आणि शिकवला तेव्हा तो वर्गात नव्हता. तू होतास. पहिल्या बाकावर होतास. नववीच्या सहामाहीत ‘नदीचे कार्य’ या प्रश्नाला तू काढलेली आकृती मी पुढची तीन वर्षं पोरांना दाखवत होतो. खनन, वहन, संचयन. नागमोडी वळण, पूरमैदान, नालाकृती सरोवर. बाणसुद्धा पट्टीनं मारलेले. आता तीच आकृती नव्यानं काढ. पैठणच्या खाली नदी खनन करत नाही, नदीचंच खनन होतं. वहन हायवा करतो. आणि संचयन तुझ्या दारात, निळ्या ताडपत्रीखाली, तीन ढीग. सांग, दहापैकी किती देऊ?

“माझा ट्रॅक्टर भाड्यानं असतो गुरुजी, रात्री तो कुठं जातो मला काय ठाऊक?” हे वाक्य तू याच ओट्यावर बसून बोललास. जीभ अडखळली नाही? ट्रॅक्टर तुझा, बँकेचा हप्ता तुझा, डिझेलची उधारी तुझ्या नावावर, आणि रस्ता तेवढा ट्रॅक्टरला ठाऊक? सकाळी ट्रॉलीच्या कोपऱ्यात ओली वाळू असते. तुझी आई ती खराट्यानं गोळा करून तुळशीत टाकते. तुळशीला कळलं वाळू कुठली. तुला नाही कळलं. दिवसाचं भाडं आणि रात्रीचं भाडं वेगळं का, हे कधी विचारलंस? नाही विचारलंस, कारण उत्तर पाठ होतं. उद्या गाडी सापडली तर महसूल कायद्याच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तेव्हा मालक कोण, हे तुला एका क्षणात आठवेल. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. तू तर सोंगात घोरायला लागलास.

मग म्हणालास, “पुरात वाळू परत येते.”

हे अडाण्यानं म्हणावं आणि आपण ऐकून सोडून द्यावं. तुझ्या तोंडात शोभत नाही. कुठून येते परत? वरून? वर काय आहे? १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी ज्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी जे लोकांच्या हवाली केलं, ते दहा किलोमीटर लांबीचं धरण तुला दिसत नाही? सत्तावीस दरवाजे आहेत त्याला. सहलीला नेलं तेव्हा तू मोजले होतेस. सव्वीस भरले म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले होतेस. नाशिक आणि नगरकडून गोदावरी, प्रवरा जे काही वाहून आणतात ते धरणामागच्या नाथसागराच्या संथ पाण्यात शिरलं की तळाला बसतं. जाड वाळू तर फुगवट्याच्या तोंडाशीच बसते. दरवाजातून पाणी सुटतं, वाळू सुटत नाही. म्हणजे आपल्या पात्रात जी आहे ती बहुतेक धरणाच्या आधीची शिल्लक. आजोबांनी ठेवलेली ठेव. तिला व्याज नाही. बाजूच्या ओढ्यानाल्यांनी चिमूटभर आणली तर तेवढीच भर.

चिमूटभर का म्हणतो? आपला खडक कोणता? बोल. बेसॉल्ट. तो झिजला की त्याची काळी माती होते, कापसाची. वाळू होण्याजोगी गार त्यात फार थोडी. खाली नांदेडच्या पलीकडं ग्रॅनाइट लागतो, तिथल्या नद्यांना वाळूची ददात नाही. आपल्या नशिबी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो घासून घासून नदीनं हा थर कधीपासून अंथरला असेल, आणि तू म्हणतोस पुढच्या पोळ्यापर्यंत परत येते! उलट, गाळ वर ठेवून सुटलेलं पाणी उपाशी असतं. त्याला वाहायला काही नसतं, म्हणून ते तळ कुरतडतं, काठ कुरतडतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणच्या घरांत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा तू दहावीत होतास. पूर ओसरल्यावर ढासळलेल्या कपारी दाखवायला मी तुमच्या अख्ख्या वर्गाला काठावर नेलं होतं. तू वही आणली होतीस. कुठं गेली ती वही?

आणि हे ‘ही काय खाण आहे का?’ कुठून शिकलास? खाण म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढं चंद्रपूरचा कोळसा, सुरजागडचा डोंगर, गोव्याची लाल माती. बरोबर आहे, तिथं खड्डा दिसतो. गोव्यात खनिजाची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, डोंगरातली लाल माती भातखाचरांत उतरायची. लोक भांडले. २०१२ साली तिथलं खाणकाम थांबलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ पट्टे रद्द केले. तिथं निदान पट्टे मोजता आले. रात्रीच्या धंद्याला पट्टाच नाही, तर रद्द काय करणार? नदीतला खड्डा पाणी येऊन झाकून टाकतं, फरक असलाच तर हा.

कायद्यात वाळूला गौण खनिज म्हणतात, त्यानं तुझ्या मनाला फार बरं वाटतं. गौण. म्हणजे किरकोळ. अरे, पाण्याखालोखाल माणूस जगात सगळ्यात जास्त काय वापरत असेल तर वाळू आणि खडी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज वर्षाला ५० अब्ज टनांचा आहे. वाळवंटी देशसुद्धा बांधकामाची वाळू बाहेरून आणतात, कारण वाऱ्यानं घासून गोटा झालेला कण सिमेंटला नीट धरत नाही. नदीचा धरतो. म्हणून तर तुझ्या ट्रॅक्टरला रात्री अकरानंतर भाव. आणि २०१२ च्याच फेब्रुवारीत, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पाच हेक्टरांहून लहान घाटालाही पर्यावरण मंजुरी लागेल. का सांगावं लागलं? लोक मोठ्या घाटाचे तुकडे पाडून मंजुरी चुकवत होते. तुझ्यासारखे हुशार सगळीकडं असतात.

आता गणित. वही नको, तोंडी कर.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लिटरमध्ये किती? सुमारे २,८३०. नदीच्या वाळूत कणांच्या मधे पोकळी असते, साधारण तिसरा हिस्सा. त्यातलं थोडं पाणी कणाला चिकटून बसतं, सुटत नाही. मी हात आखडता घेऊन चौथा हिस्साच धरतो. किती आले? सातशे लिटर. तुझ्या ट्रॉलीत एक ब्रास बसते. म्हणजे एका खेपेला तू नदीतून सातशे लिटरची टाकी उचलून आणलीस. पाणी नव्हे, टाकी. पाणी नेलं असतंस तर पुढच्या पावसानं भरून दिलं असतं. टाकीच नेल्यावर पाऊस कशात भरणार? पाच ब्रासची हायवा म्हणजे साडेतीन हजार लिटर. तीन हायवा गेल्या की दहा हजार लिटरचा टँकर गेला, आणि तो दरवर्षी जात राहणार, तुझ्या नातवंडांच्या वर्षीसुद्धा. एका रात्रीत किती हायवा जातात ते मी सांगत नाही. माझी खिडकी रस्त्यावर आहे आणि मला या वयात झोप लागत नाही. आकडा माझ्याकडं आहे. तू तुझा काढ.

तुझ्या बापानं आठ परस विहीर खोदली, नदीपासून दोन शेतं अलीकडं. तिला झरे कुठले? पात्रातल्या वाळूत मुरलेलं पाणी काठाच्या पोटातून विहिरीकडं यायचं. मोट चालली, इंजिन चाललं, मोटार चालली, मे महिन्यातसुद्धा ती विहीर कधी उघडी पडली नाही. आता पात्र दोन पुरुष खाली गेलं. पाणी उताराकडं जातं हे तिसरीतलं पोर सांगेल. आता विहिरीचंच पाणी उलटं नदीकडं ओघळतं. गेल्या उन्हाळ्यात तू विहिरीत आडवे बोर मारलेस. लागलं काही? मोटार दहा मिनिटांत धाप टाकते म्हणून तू रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात जाऊन त्याला शिव्या घातल्यास. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लिहिलं होतं, ‘धरणाच्या पायथ्याशी राहून टँकरचं पाणी, ही प्रशासनासाठी शरमेची बाब’? तूच ना? बावीस अंगठे आले. त्यांतल्या दोघांच्या दारात हायवा उभ्या असतात.

२०१६ आठवतं? एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं. आपला नाथसागरही मृतसाठ्यात होता. त्या उन्हाळ्यात आपल्या बायकांनी पात्रात झिरे उकरले आणि वाटीवाटीनं हंडे भरले. तुझी बायको नवी नवरी होती, ती पण होती त्यात. झिरा कशात उकरतात? वाळूत. खडकात उकरून दाखव एकदा.

पैठणचा माल बाहेर जाणं नवीन नाही म्हणा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक पुस्तकात आपलं पैठण आहे. इथून ओनिक्सचे दगड गाड्या भरभरून भडोचच्या बंदराला जायचे, वीस दिवसांची वाट, धड रस्ता नाही. त्या दगडांनी पैठणचं नाव रोमपर्यंत नेलं. आता बिडकीनला कारखाने उभे राहतायत, संभाजीनगरात मजल्यावर मजले चढतायत, आणि आपला माल तासाभरात पोचतो. नंबरप्लेटला चिखल फासून. पाणी आधीच तिकडं जातं, पाइपातून. आता त्याची टाकीही जाते.

आणि पोरं. तुझा पुतण्या. दहावीला ७८ टक्के. काय करतो सध्या? ‘लोकेशन’ला असतो. हा शब्द मला म्हातारपणी शिकावा लागला. फाट्यावर मोटारसायकल लावून बसायचं आणि तहसीलची गाडी हलली की मेसेज टाकायचा. रात्रीचे रोख पैसे. मी त्याला अक्षांश-रेखांश शिकवले ते याच्यासाठी? घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलताना म्हणायचं, पोरगं ‘कामाला’ जातं. एकदा तरी विचारलंस, कसल्या कामाला? तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घालणारी पोरं काही आभाळातून पडत नाहीत. फाट्यावरच्या पुलावर बसून सुरुवात होते, मग स्टेअरिंग हातात येतं, मग एके रात्री समोर बॅटरी घेऊन माणूस उभा असतो. पुढं कलमं लागतात, जामीन लागतो, आणि जामिनाला शेत उभं राहतं. एकर जातो. ज्या धंद्यानं गावात पैसा आला म्हणतात त्या धंद्यात कुणाची जमीन वाढली, सांग. दोन घरं सोडून तिसरं नाव सांग.

त्या केनीवर आणि तराफ्यावर कोण असतं, माहीत आहे? आपल्या गावचं कुणी नाही. परमुलखातले मजूर, माघाच्या थंडीत छातीभर पाण्यात. वरची कपार सुटली की माणूस वाळूखाली जातो. त्याचं नाव कुठल्या हजेरीपटावर नसतं, त्यामुळं तो होता हेच सिद्ध करता येत नाही. काठावर चाळणी लावून बाया उभ्या असतात, तोंडाला पदर. डोळ्यांना दिसत नाही ती गारेची धूळ पदरातून सहज जाते, फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. सिलिकोसिस म्हणतात त्याला. बरं करणारं औषध नाही, आणि क्षयाला आयतं उघडं दार. रस्त्याकडेच्या वस्तीवर भाकरीवर धूळ, लेकरांना बारमाही खोकला. सातवीच्या पोरी सायकलवर शाळेत जातात, मागून दिवे न लावता हायवा. त्यांच्या आयांनी माझ्याकडं येऊन विचारलं, “गुरुजी, पोरींना घरी बसवू का?” मी काय सांगायचं होतं? तू सांग. तुझी ढवळी ट्रॉली पण त्याच रस्त्यानं जाते.

आणि ती बातमी. दर उन्हाळ्यात असते. पोहायला उतरलेलं पोर बुडालं, ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’. हे वाक्य छापून छापून गुळगुळीत झालं. अंदाज येणार कसा? काल जिथं गुडघाभर पाणी होतं तिथं एका रात्रीत दोन पुरुष खोल झालं. त्या पोराला नदी माहीत होती. खाण माहीत नव्हती. तू मला विचारलंस ना, ही काय खाण आहे का?

तू तर स्थापत्यात डिप्लोमा केलास. पुलाच्या खांबाचा पाया कशावर उभा असतो आणि बाजूचा तळ खरवडला की काय होतं, हे मी तुला सांगायचं की तू मला? पोर्तुगालमध्ये डौरो नदीवर असाच एक जुना पूल होता. वर्षानुवर्षं खालची वाळू काढली, खांबाचा पाया उघडा पडला, आणि ४ मार्च २००१ च्या रात्री बससकट पूल नदीत गेला. ५९ माणसं. पैठणहून शेवगावला जाताना पुलावर तू नेहमी गाडी थांबवतोस, नदीत नाणं टाकतोस. एकदा खाली वाकून खांबाकडं बघ. नाणं नंतर टाक.

“सरकारी वाळू मिळतच नाही.” यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. २०२३ साली सरकारनं डेपो काढले, ६०० रुपये ब्रास म्हणाले. दोन वर्षांत डेपो गुंडाळले, २०२५ ला पुन्हा लिलाव आणले, घरकुलवाल्यांना पाच ब्रास फुकट म्हणाले. तुझ्या अभ्यासाच्या वेळापत्रकासारखं आहे ते. दर वर्षी नवा कागद, भिंतीला चिकटवला की अभ्यास झाला. पण तू काय केलंस? एक अर्ज दाखव. एक तक्रार, एक पोच. ग्रामसभेत घाटाचा विषय निघाला तेव्हा तू कुठं होतास? फरशी बघायला गेला होतास. सरकार नालायक आहे हे तुझ्या कामाचं कारण होत नाही रे, फार तर तुमची ओळख जुनी आहे असं म्हणता येईल.

आणि कृत्रिम वाळू? “गवंडी म्हणतो, गिलाव्याला नदीचीच लागते.” इंजिनिअर तू की गवंडी? आयएस ३८३ मध्ये खडक भरडून केलेली वाळू केव्हाचीच लिहिलेली आहे. ते मानक तू पाठ करून तोंडी परीक्षेत म्हणून दाखवलंस, पेढे घेऊन इथंच आला होतास. त्या वाळूलाही डोंगर फोडावा लागतो, तिच्या क्रशरची धूळही कुणाच्या तरी गावावर उडते, हे मला माहीत आहे. मी तुला पुण्य विकत घ्यायला सांगत नाही. पण दारात एक मोटारसायकल असताना पोर्च कशाला ओतलास? गच्चीवर ते सिमेंटचं कमळ कशाला? ब्रासभर वाळू तर त्या कमळातच गेली असेल.

मघाशी तू पुटपुटलास ते मी ऐकलं. “गुरुजींच्या घराला तरी कुठली?” मोठ्यानं विचार, घाबरतोस काय? नदीचीच. १९८८ साली, बैलगाडीनं, बारा गाड्या. पावती नाही. गाडीवान म्हणाला नदीची आहे, मी म्हटलं बरं. तेव्हा गाढवं आणि बैलगाड्या होत्या, माणसं घमेल्यानं भरायची, नदीला त्याचं ओझं जाणवलं नसेल, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय. सोयीचं आहे सांगायला. खरं म्हणजे मीही विचारलं नव्हतं. म्हणून तर तुझं सोंग मला लांबून ओळखू येतं.

आता नाव. ‘नाथकृपा’. दुसरं काही सुचलं नाही? चौथीच्या स्नेहसंमेलनात एकनाथ कोण झालं होतं? काजळाची मिशी, आजोबांचं पागोटं. रंगमंचावर आपण खरी वाळू पसरली होती, चार घमेली, तू आणि मी जाऊन आणली होती. दुसरीतलं एक पोर त्यात बसून रडायचं, ‘पाय भाजले, पाय भाजले’. आणि तू तापल्या वाळवंटातून चालत यायचास, ज्या पोराला गाव शिवत नव्हतं त्याला कडेवर घ्यायचास, शेंबूड पुसायचास आणि त्याच्या घरी पोचवायचास. शेंबूड पुसायचं मी सांगितलं नव्हतं. ते तुझं तू केलंस. तुझी आजी पदर तोंडाला लावून रडली होती. आज नाथ आले तर त्यांना आधी वाळवंट शोधावं लागेल. पोर सापडेल. कुठल्या खड्ड्यात, ते विचारू नको.

तुकाराम बीजेला नाथांच्या वाड्यात रांजण भरायला घेतात, तू दरवर्षी घागर घेऊन रांगेत असतोस. श्रीखंड्या होऊन देव बारा वर्षं कावड वाहत होता म्हणतात. कुठून आणत होता पाणी? याच पात्रातून. देवानं कावडीनं आणलेलं तू ट्रॉलीनं परत नेतोस आणि वर दारावर नाथांचं नाव लावतोस.

“मी नाही नेली तर दुसरा नेईल.” हे शेवटचं राहिलं होतं, तेही बोललास. ऐक. दहावीच्या बोर्डाला, भूमितीच्या पेपरला, मागच्या बाकावरून तुझ्याकडं चिठ्ठी आली होती. प्रमेय होतं त्यात. तुला ते येत नव्हतं, तुझ्या पेनानं केव्हाच सांगितलं होतं. तू चिठ्ठी उघडली नाहीस. पायाखाली घेतलीस आणि घंटा होईपर्यंत दाबून धरलीस. मी दारातून बघत होतो. आजवर कुणाला बोललो नाही. त्या वर्गात तेव्हा सगळेच उघडत होते, तूही म्हणू शकला असतास, मी नाही तर दुसरा. चार मार्क गेले तुझे. डिप्लोमाला शहरातलं कॉलेज हुकलं ते त्याच चार मार्कांनी, हेही मला माहीत आहे. तेव्हा तुझ्याकडं ट्रॅक्टर नव्हता, पोर्च नव्हता, काही नव्हतं. कुणाच्या जोरावर पाय दाबून धरला होतास?

बोल की.

चहा झाला. कप घे. गरम आहे, फुंकून पी. साखर कमी वाटली तर तशीच पी.

आता सात वाजलेत. ट्रॅक्टर कुठं आहे? बघ, पुन्हा अंगठा. वर बघ. चावी कुणाकडं आहे? नाव नको सांगू, मला नाव नको. फोन लाव त्याला. आत्ता. माझ्यासमोर. आणि स्पीकरवर ठेव.